चार बोटं कोरडी जागा

बंदुकीची नळी धडधाकट आहे की दुखणाईत, हे ती टांगून ठोकली की स्वतःच सांगते, असं वाल्मिक मिस्त्री म्हणत. भिसेगावातल्या त्यांच्या दुकानात आढ्याला एक आकडा होता आणि आकड्याला सुतळी. दुनळी बंदूक आली की लाकडी दस्ता वेगळा करायचा, जोडनळी सुतळीला अडकवायची आणि लाकडी हातोडीच्या दांड्याने हलकेच ठोकायचं. दोन नळ्यांच्या मधली लांब पट्टी डाखाने, म्हणजे वितळवलेल्या कथलाने, नीट बसलेली असली तर देवळातल्या घंटेसारखा आवाज निघतो आणि बराच वेळ रेंगाळतो. पट्टी कुठे सुटली असली तर आवाज जागच्या जागी मरतो, वर थोडी खरखर ऐकू येते. कर्जत-खालापुरात शेतराखणीच्या परवान्याच्या जेवढ्या बंदुका होत्या, त्यातल्या बहुतेकांनी त्या सुतळीला लटकून कधी ना कधी साक्ष दिली होती.

घोटाळा एवढाच, की गेली तीन वर्षं मिस्त्रींना ती साक्ष ऐकू येत नव्हती.

कान काही एका दिवसात गेले नाहीत. आधी बारीक आवाज गेले. कुकरची शिट्टी गेली, सायकलची घंटी गेली, पाखरं गेली. ट्रकची घरघर ऐकू यायची, दार आपटलेलं कळायचं, त्यामुळे आपलं ठीक चाललंय अशी मनाची समजूत घालता येत होती. मिस्त्री तरुणपणी मुंबईत एका बंदुकीच्या दुकानात काम शिकले. तिथल्या उस्तादांचा दंडक होता, की चाचणीचा बार काढताना कानात कापूस घालायचा नाही. बंदूक काय बोलते हे ज्याला ऐकायचं नसेल त्याने पानाची गादी टाकावी. वाल्मिक म्हणजे विळे-कोयते करणाऱ्या लोहाराचा पोरगा, त्याला गुरूचा शब्द म्हणजे ब्रह्मवाक्य. त्याने चाळीस वर्षांत कापूस घातला नाही. याला कुणी निष्ठा म्हणेल, कुणी गाढवपणा. त्यांच्या बायकोने, सुरेखाकाकूंनी, दुसरा शब्द पसंत केला होता.

काकूंशिवाय ही गोष्ट कुणाला माहीत नव्हती. लेक संजनाला शंका आली आणि तिने एकदा कानाच्या मशीनचा विषय काढला तर मिस्त्रींनी तिच्याशी चार दिवस अबोला धरला. आवाजावर बंदुका पास करणारा माणूस कानात मशीन घालून बसला तर गिऱ्हाईक पायरी चढेल का? मग लपवाछपवी सुरू झाली, आणि त्यात मिस्त्री चांगले तरबेज झाले. गिऱ्हाइकाचं स्टूल त्यांनी दाराच्या उजेडात मांडलं, म्हणजे ओठ दिसतात. फोन कायमचा बिघडला. बोलणं कळलं नाही की कपाळाला आठ्या घालून कानस चालवत राहायचं. समोरचा आपोआप मोठ्याने परत बोलतो आणि वर मिस्त्री कामात किती बुडून जातात म्हणून चार लोकांत सांगतो. नळी ठोकली की डोळे मिटायचे, मान जरा तिरकी करायची, थोडं थांबायचं आणि म्हणायचं, "घंटा हाय नुसती."

काम मात्र त्यांचं चोख होतं. हात शाबूत होता, नजर शाबूत होती, कान जिथे कमी पडत तिथे भिंग लावून भागत होतं. म्हणून तीन वर्षं हे नाटक खपून गेलं. खपून गेलं नसतं तर बरं झालं असतं, असं आता त्यांना वाटतं.

चौक गावाच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी योगेंद्र ठोंबरेची भातशेती आहे. माणूस पंचेचाळिशीचा, शेती सांभाळून टेंपो चालवणारा. त्याच्याकडची दुनळी आजोबांच्या वेळची. ठोंबऱ्यांच्या घरातली रीत अशी, की खंडेनवमीला सगळी हत्यारं ओळीने पुजायची. विळे, कोयते, नांगराचा फाळ, आणि मधोमध पाटावर बंदूक. तिला नुसतं हळदकुंकू चालत नसे. देवासारखी आंघोळ लागे, आधी दुधाची, मग पाण्याची, मग झेंडूची माळ. तीन पिढ्या हे दूधपाणी पट्टीच्या कडेच्या सुईएवढ्या भोकातून आत मुरत राहिलं. आतून गंज धरला आणि गंजाने डाख सोडवला. मिस्त्री दरवर्षी सांगत, की नमस्कार करा, माळ घाला, पण आंघोळ घालू नका. योगेंद्र "हो" म्हणायचा आणि घरी आईपुढे मुकाट बसायचा.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आधी आठवडाभर तो बंदूक घेऊन आला. पट्टी टोकाकडून सुटली होती. टोकालाच पट्टीवर पितळेचा बारीक मणी असतो, त्याला माशी म्हणतात, आणि नेम त्या माशीवरून धरतात. पट्टी हलली की माशी हलते आणि माशी हलली की नेम गेला.

"नवमीला पाटावर पायजे, मिस्त्री," योगेंद्र म्हणाला. "आई ऐकायची नाय. आन मंग भात पिकलं की डुकरं उतरतील. औंदा वनखात्याची परवानगीबी आलीय हातात."

"मिळंल रं," मिस्त्री म्हणाले.

त्यांनी पट्टी सोडवली. जुना डाख आणि गंज खरवडून काढला. नळ्यांना आणि पट्टीला आतून कल्हई चढवली, राळ लावली, पट्टी जागेवर ठेवून तारेने आवळली, तारेखाली लाकडाच्या पाचरी ठोकल्या आणि डाख पाझरेपर्यंत मंद आच दिली. आच जास्त झाली तर नळी बिघडते, कमी झाली तर डाख धरत नाही. धरला की पट्टीच्या कडेने एक पांढरी चकचकीत रेघ बाहेर डोकावते. गार झाल्यावर मिस्त्रींनी ती रेघ भिंगातून पाहिली. मागून निघून ती सरळ आली, टोकाच्या जरा अलीकडे दिसेनाशी झाली आणि अगदी टोकाला नखभर पुन्हा दिसली. मधली जागा त्यांनी बोटं ठेवून मोजली. चार बोटं.

नवमी दुसऱ्या दिवशी होती आणि योगेंद्र दारातल्या स्टुलावर येऊन बसला होता. चार बोटं कोरडी म्हणजे पुन्हा सगळं सोडवायचं, पुन्हा खरवडायचं, आणखी दोन दिवस. मिस्त्रींच्या मनात आलं, रेघ बाहेर दिसत नाही म्हणून आत डाख नाहीच असं थोडंच आहे? ठोकून बघू, आवाज सांगेल. हे मनात आलं तेव्हा आपल्याला आवाज ऐकू येत नाही हे ते विसरले होते असं मुळीच नाही. चांगलं आठवत होतं. तरी त्यांनी आवाजावर सोपवलं.

नळी टांगली, ठोकली. डोळे मिटले, मान तिरकी केली. डोळे उघडले तेव्हा योगेंद्र त्यांच्याकडे जरा गोंधळून बघत होता.

"हाच आवाज का, मिस्त्री?" त्याने विचारलं.

"हाच," मिस्त्री म्हणाले.

दिवाळीच्या तोंडावर काकू बाजारातून आल्या त्या पिशवी खाली न ठेवताच नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या. त्यांना काही महत्त्वाचं सांगायचं असलं की त्या अशाच समोर येऊन, ओठ नीट हलवत बोलत.

"योगेंद्रच्या हातून मंगळ्याची कुत्री गेली," त्या म्हणाल्या.

मंगळ्या हा वरच्या ठाकूरवाडीतला. भात पिकलं की योगेंद्रच्या शेताची राखण तो करायचा, आणि त्याच्याबरोबर त्याची कुत्री सोमी. सोमवारी जन्मली म्हणून सोमी. उजाडता उजाडता डुक्कर भातात शिरलं, सोमीने त्याला बांधाशी अडवून धरलं. योगेंद्रने पहिला बार काढला, तो डुकराला चाटून गेला. चवताळलेलं डुक्कर सोमीवर उलटलं. तिला वाचवायला म्हणून त्याने लगोलग दुसरी नळी सोडली, तर गोळी खाली गेली आणि सोमी जागच्या जागी पडली. डुक्कर पळून गेलं.

"लोक म्हनतात, हात थरथरला," काकू म्हणाल्या. "बापाचं दुखणं उतरलं त्याच्यात."

योगेंद्रच्या वडिलांना कंपवात होता. शेवटची सहा-सात वर्षं त्यांना चहाचा कपसुद्धा बायकोने धरून पाजावा लागे. हे सगळ्या पंचक्रोशीला माहीत होतं.

मिस्त्रींच्या हातातली कानस थांबली. काय झालं असेल ते त्यांना डोळ्यांनी पाहिल्यासारखं दिसलं. पहिल्या बाराच्या धक्क्याने टोकाचा नखभर डाख सुटला असणार, पट्टी माशीसकट वर उचलली गेली असणार. माशी वर गेली की नेमात आणायला माणूस नळीचं टोक आपोआप खाली करतो. दुसरा बार खालीच जाणार. योगेंद्रच्या जागी खुद्द उस्ताद असते तरी सोमीच मेली असती.

"भेटून तरी या त्याला," काकू म्हणाल्या.

"जाईन," मिस्त्री म्हणाले आणि कानस चालवायला लागले.

ते गेले नाहीत. आज जाऊ, उद्या जाऊ करत महिना गेला. त्यांना वाटे, एका वाक्याचं तर काम आहे. पण त्या वाक्याच्या आधी दुसरं एक वाक्य सांगावं लागणार होतं, ते म्हणजे मला ऐकू येत नाही, आणि ते सांगितलं की सुतळी, आकडा, चाळीस वर्षांचं नाव सगळं संपलं. रात्री जेवताना योगेंद्रचा गोंधळलेला चेहरा समोर येई. त्याला आवाज विचित्र वाटला होता. त्याने विचारलंही होतं. धडधाकट कानाच्या माणसाला बहिऱ्याने पटवलं होतं, की हाच बरोबर आवाज.

शेवटी ते गेले, पण योगेंद्रकडे नाही. चौकमधल्या एका ढाब्यामागे कुत्रीला पिल्लं झाली होती, त्यातलं एक पिशवीत घालून ते स्कूटरने ठाकूरवाडीच्या खालपर्यंत गेले आणि वर चढले. मंगळ्या दारात बसून टोपलीचे बांबू तासत होता. त्याची बायको आवडी हिने पाण्याचा तांब्या आणून ठेवला. मिस्त्रींनी पिल्लू जमिनीवर सोडलं.

मंगळ्याने पिल्लाकडे पाहिलं, मग मिस्त्रींकडे. "तुमी का आनलं?"

"सहज. योगेंद्र आपला मानूस हाय."

मंगळ्याने हातातला बांबू तासून संपवला. मग कोयता बाजूला ठेवून म्हणाला, "त्याचा हात नाय थरथरला. मी खांद्याला खांदा लावून उभा व्हतो. हात दगडावानी व्हता. तरी गोळी खाली गेली. कशी गेली ती सोमीलाच ठावं."

मिस्त्री त्याच्या ओठांकडे बघत होते, त्यामुळे त्यातला एकही शब्द चुकवता आला नाही.

"हे सांगितलं का त्याला?"

"चार डाव सांगितलं. त्याला वाटतं, मी त्याचं मन राखतोय. आता वाडीवर येतच नाय. परवा दिसला तर लांबूनच वळला."

पिल्लू आवडीच्या पायाशी घोटाळत होतं. तिने त्याला भाकरीचा तुकडा घातला आणि मिस्त्रींना म्हणाली, "तुमी लई चांगलं केलंत." मिस्त्री तांब्यातलं पाणी न पिताच उठले. उतरताना त्यांना स्वतःची शिसारी आली.

त्यानंतर योगेंद्रच्या बातम्या येत राहिल्या आणि काकू त्या समोर उभं राहून सांगत राहिल्या. त्याने टेंपो चुलतभावाला चालवायला दिला. मोटरसायकलला हात लावत नाही. पनवेलच्या डॉक्टरांनी तपासलं, काही नाही म्हणाले, तर हा म्हणतो बाबांनापण आधी डॉक्टरांनी काही नाही असंच सांगितलं होतं. पायलीभर धान्यसुद्धा दुसऱ्याकडून मोजून घेतो. बसल्या जागी हात पुढे धरून बघत राहतो. इतकं टक लावून बघितलं तर कुणाचा हात हलल्यासारखा वाटणार नाही? मिस्त्रींनी एकदा स्वतःचा धरून पाहिला, तोही हलला.

निवडणूक आली तशा सगळ्यांच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा झाल्या. योगेंद्रचीही गेली. मिस्त्रींना थोडं सुटल्यासारखं वाटलं, जणू बंदुकीबरोबर गुन्हाही कुलपात गेला होता. निकाल लागले, आचारसंहिता उठली, बंदुका परत आल्या. आणि लावणीच्या दिवसांत, एका उघडिपीच्या दुपारी, खोळीत गुंडाळलेली बंदूक छातीशी धरून योगेंद्र दुकानाची पायरी चढला. तो सहा आसनी रिक्षाने आला होता. अंगाने अर्धा झाला होता.

"लायसन परत करतोय, मिस्त्री," तो उजेडातल्या स्टुलावर बसून म्हणाला. "तेवढी साफ करून द्या. आजोबांची हाय, गंजलेली देनं बरं नाय दिसत."

काकूंनी चहा आणला. योगेंद्रने पेला हातात घेतला नाही, खाली ठेवायला सांगितला. चहा निवेपर्यंत थांबला, मग दोन्ही हातांनी धरून एका दमात प्यायला आणि पेला पटकन खाली ठेवला. मिस्त्रींनी हे पाहिलं. तोंड उघडायला याहून चांगली वेळ आली नसती. त्यांनी तोंड उघडलंही.

"उद्या ये," ते म्हणाले.

तो गेल्यावर त्यांनी खोळ काढली. घट्ट खोळीने पट्टी दाबून जागेवर बसवली होती. वरून बघणाऱ्याला काही कळलं नसतं. टोकाला अंगठ्याचं नख घातलं तर ती अलगद वर आली, माशीसकट. खाली चार बोटं जागा काळपट, कोरडी. डाखाचा टिपूस नाही.

मिस्त्रींनी दिवा पेटवला. राळेचा डबा काढला. टोक आता सुटलेलंच होतं, त्यामुळे सगळं सोडवायला नको; एका दुपारचं काम होतं. पट्टी परत बसवायची, या वेळी नीट, कडेची रेघ अखंड, वर काळा रंग. मग ही बंदूक सरकारजमा होईल आणि जगात कुठेही त्या चार बोटांचा पुरावा उरणार नाही. योगेंद्रचे हात कधी ना कधी आपोआप बरे वाटायला लागतील. ते हे सगळं स्वतःला समजावत होते आणि सवयीने दस्ता सोडवून नळी सुतळीला बांधत होते. दोन्ही हात अडकले म्हणून सुतळीचं टोक त्यांनी दातात धरलं. तेवढ्यात कोपराचा धक्का लागून हातोडी नळीवर पडली.

खर्र झालं. कानात नव्हे, दातात. जबड्यातून मुंगी चढावी तसं काहीतरी झालं आणि लगेच विझलं.

मिस्त्री तसेच उभे राहिले. मग त्यांनी फळीवरची दुसरी एक बंदूक उतरवली, चांगली होती ती. तिची नळी सुतळीला बांधली, टोक दातात धरलं आणि हातोडीच्या दांड्याने ठोकलं. दातांतून एक बारीक थरथर निघाली, कवटीत गेली आणि फिरत राहिली. संपेचना. तीन वर्षांत त्यांना घंटा पहिल्यांदा ऐकू आली होती. त्यांनी पुन्हा योगेंद्रची नळी ठोकली. खर्र, आणि संपलं. पुन्हा चांगली. पुन्हा योगेंद्रची. आतापर्यंत त्यांना निदान एक आधार होता, की कानच गेले त्याला मी काय करणार. तोही गेला. गेल्या दसऱ्याला दात तोंडातच होते.

काकू दारात आल्या तेव्हा नवरा तोंडात सुतळी धरून रडत होता.

मिस्त्रींनी सगळं सांगितलं. चार बोटं सांगितली, "हाच आवाज का" सांगितलं, पिल्लू सांगितलं. काकूंनी आधी पेटलेला दिवा विझवला.

"दुकान बंद पडंल गं," मिस्त्री म्हणाले.

"पडंल तर पडंल." काकू त्यांच्या समोर आल्या, ओठ नीट दिसतील अशा. "तुमाला ऐकू येत नाय ह्यात पाप नाय. ऐकू आलं म्हनालात, त्यात हाय. मला कशाला सांगताय? त्याला सांगा."

दुसऱ्या दिवशी योगेंद्र आला तेव्हा दोन्ही जोडनळ्या आढ्याला शेजारी शेजारी टांगलेल्या होत्या. मिस्त्रींनी त्याला स्टुलावर बसू दिलं नाही. हातोडी त्याच्या हातात दिली.

"हान," ते म्हणाले. "आदी ही. दांड्यानं, हळू."

"माझ्या हातात नका देऊ, मिस्त्री."

"हान रं."

योगेंद्रने ठोकलं. मिस्त्रींनी या वेळी डोळे मिटले नाहीत. ते त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते.

"काय ऐकू येतं?"

"घंटावानी वाजतीय."

"आता तुझी."

त्याने ठोकलं. भुवया एकमेकींजवळ आल्या. तोच गोंधळलेला चेहरा, नवमीच्या आदल्या दिवसाचा. त्याने न सांगता पुन्हा ठोकलं.

"खडखडतंय," तो म्हणाला. "फुटक्यावानी."

"दसऱ्याला तू विचारलं व्हतंस, हाच आवाज का. मी हाच म्हनलो." मिस्त्रींना आता थांबायचं नव्हतं. त्यांनी पट्टीच्या टोकाला नख घालून ती वर उचलून दाखवली. "मला कुठलाच आवाज आला नव्हता. तीन वर्सं मला ऐकू येत नाय. हितं चार बोटं डाख धरला नव्हता, आन ते मला डोळ्यांनी दिसलं व्हतं. तरी दिली. पैल्या बाराला ही उठली, म्हनून तुझा दुसरा बार खाली गेला. तुझा हात थरथरला नाय. मंगळ्या खरं सांगतोय."

योगेंद्रने हातोडी बाकावर ठेवली. उचललेल्या पट्टीकडे बघितलं. मग दोन्ही हात पुढे धरले आणि त्यांच्याकडे बघत राहिला. मिस्त्री शिव्यांची वाट बघत होते. त्याने शिवी दिली असती, एखादी चपराक मारली असती, तर त्यांना बरं वाटलं असतं. तो पाठ फिरवून दाराकडे गेला आणि रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलले. तो काहीतरी बोलला होता.

तीन वर्षांची सवय होती. कानस उचलायची, आठ्या घालायच्या. मिस्त्रींचा हात कानशीपर्यंत गेलासुद्धा.

"काय म्हनालास?" त्यांनी विचारलं. "मला ऐकू नाय आलं. हिकडं तोंड करून बोल."

योगेंद्र वळला. अगदी जवळ आला. डोळे लाल होते, आणि तो एकेक शब्द सुटा करून बोलला.

"आठ महिने, म्हनलो."

मिस्त्रींनी मान खाली घातली असती, पण मग पुढचं दिसलं नसतं, म्हणून घातली नाही.

"सोमीला मी मारलं म्हनून मी मंगळ्याचं दार सोडलं," योगेंद्र म्हणाला. "तो बोलवत व्हता, मी तोंड लपवत व्हतो. चला. ह्या दोनी नळ्या त्याच्या दारात टांगा. त्यालाबी ऐकू द्या. आन तितं हेच सगळं सांगा, आता सांगितलं तसं."

"फळीवरची दुसऱ्याची हाय, ती न्हेता येनार नाय."

"मंग माझीच घ्या. खडखड कळंल त्याला."

मिस्त्रींनी नळी सोडवून खोळीत घातली. सुतळीची गुंडाळी खिशात ठेवली, हातोडी घेतली. काकू आतल्या दारात उभ्या होत्या. शटर ओढून मिस्त्री स्कूटरपाशी गेले, तर योगेंद्र आधीच तिथे उभा होता. त्याने हात पुढे केला.

"चावी द्या," तो म्हणाला.

मिस्त्रींनी चावी दिली आणि खोळ मांडीवर आडवी धरून मागे बसले. योगेंद्र थोडा वेळ हँडल नुसतंच धरून बसला, मग गाडी चालू केली. चौकपर्यंत तो बोलत होता की गप्प होता हे मिस्त्रींना मागून कळलं नाही. ते वाटभर त्याच्या खांद्यावरून हँडलवरच्या त्या दोन हातांकडे बघत राहिले.